सतरंज्या उचलणारी माणसं

सभा संपली की माणसांचे दोन गट पडतात. एक दाराशी जाऊन चपला शोधतो, दुसरा मागे वळून सतरंज्या गुंडाळायला घेतो. मी आयुष्यभर पहिल्या गटातला. भाषण करायचं, पत्रक लिहून द्यायचं आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणत निघायचं. 'सतरंज्या उचलणारे' हे शब्द तर मी कुचेष्टेनंच वापरत आलो. ज्याला तिकीट मिळत नाही तो सतरंज्या उचलतो, असं आपण म्हणतोच की.

हे बदललं ते एका ओढ्यामुळे. कुठला ओढा, कुठलं गाव, ते सांगत नाही. जवळजवळ प्रत्येक वस्तीच्या पाठीमागे असा एक ओढा असतो आणि कधीतरी, कुणाच्या लक्षातही न येता, लोक त्याला नाला म्हणू लागलेले असतात.

आम्ही मित्रमंडळींनी तो एका रविवारी साफ केला. चाळीसेक जण होतो. हातमोजे, गोण्या, फावडी आणि एक बॅनर. दुपारपर्यंत काठावर गोण्यांची रांग लागली, फोटो निघाले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमचे अठरा भरले. तिसऱ्या आठवड्यात मी सहज तिकडून गेलो, तर ओढा पहिल्यासारखाच होता आणि आमचा बॅनर कुणीतरी कठड्याला गुंडाळून बसायला घेतला होता.

लोकांचं प्रबोधन कमी पडलं, असा निष्कर्ष मी काढला. दुसरा काढायची माझी तयारीच नव्हती. मग जिथे लोक आयते जमतात अशा जागी जायचं ठरवलं. वस्तीत एक प्रार्थनास्थळ आहे. कुठल्या धर्माचं तेही सांगत नाही, कारण ते सांगितलं की वाचणारा पुढचं वाचायच्या आधीच बाजू घेऊन मोकळा होतो. मी स्वतः देवधर्म करणारा नाही. अशा ठिकाणी मी लग्नाला किंवा मयताला जातो, तेवढंच. पण स्लाइड तयार केल्या आणि परवानगी काढून शनिवारच्या प्रार्थनेनंतर पाऊण तास बोललो. प्लास्टिक, भूजल, डास, पुढची पिढी, सगळं आलं त्यात. एका स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुख्य कारण : जनजागृतीचा अभाव'.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रश्न एकानंही विचारला नाही. मी तारा गुंडाळत होतो तेव्हा एक वयस्कर बाई सतरंजीच्या एका टोकाशी उभ्या होत्या. सगळे त्यांना माई म्हणत.

"छान सांगितलंस रे," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी येणार आहेस का?"

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी मला दुसरीकडे जायचंय.

"बरं," माई म्हणाल्या. "मग आता हे टोक धर."

सतरंजी दोघांनी धरून झटकायची असते, एकट्यानं ती दुमडता येते पण धूळ तशीच राहते. हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दोन शनिवार सोडून मी परत गेलो, थोडा खजील होऊन. तोवर या मंडळींनी एक काम उरकलं होतं, आणि त्यासाठी त्यांना वेगळं काही करावंच लागलं नव्हतं. त्यांच्याकडे आधीपासून एक वही होती. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, कोण एकटं राहतं, कुणाकडे कुणी जाऊन यायचं, याची पाळी त्या वहीत लावलेली असे. त्या आठवड्यात जाणाऱ्यांनी प्रत्येक घरात एक प्रश्न जास्त विचारला : ओढ्याचं तुम्हाला काय वाटतं? उत्तरं वहीत उतरली. कचरागाडी दहाला येते आणि अर्धी वस्ती आठच्या आत कामाला बाहेर पडते. वळणावरचं एक चेंबर तुंबलंय, त्यामुळे मैलापाणी वर येऊन ओढ्यात उतरतं, आणि त्याची तक्रार चार घरांनी वेगवेगळी केलीय, चौघांनाही एकमेकांची खबर नाही. पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांना संडासच नाही. जनजागृतीचा अभाव कुणाच्याच घरी सापडला नाही. अभाव असलाच तर तो माझ्याकडे होता.

तेव्हापासून मी या प्रकाराच्या मागे लागलो. श्रद्धेच्या आधारानं जमलेली माणसं आपल्या वस्तीतल्या पाण्यासाठी, जमिनीसाठी, मजुरीसाठी उभी राहतात तेव्हा नेमकं काय घडतं, ते वाचत गेलो. त्यात एक गोष्ट अशी भेटली की वाटलं, माई तिकडेही होत्या.

अमेरिकेत टेक्सस राज्यात सान अँटोनियो नावाचं शहर आहे. त्याच्या पश्चिम भागात मुख्यतः मेक्सिकन वंशाची कष्टकरी वस्ती. पाऊस झाला की रस्त्यांचे ओढे व्हायचे, घरांत पाणी शिरायचं. १९७३ च्या सुमारास अर्नेस्टो कोर्तेस हा याच शहरात वाढलेला तरुण शिकागोहून संघटनेचं शिक्षण घेऊन परतला. त्यानं मोर्चे काढणारे, भाषणं करणारे नेहमीचे कार्यकर्ते शोधले नाहीत. तो कॅथलिक चर्चमध्ये गेला आणि पाद्र्यांकडून नावं घेतली : जत्रा कोण भरवतं, वर्गणी कोण गोळा करतं, शाळेच्या पालकसभेत कोण बोलतं, ज्याचा शब्द शेजारीपाजारी मानतात असं कोण आहे. त्या शेकडो माणसांना तो एकेकट्याला भेटला आणि बहुतेक वेळ नुसता ऐकत बसला. त्यांत बायका पुष्कळ होत्या. वर्षानुवर्षं जत्रेचा हिशेब सांभाळणाऱ्या, दोनशे माणसांचं काम कुरकुर न करता वाटून देणाऱ्या. संघटक म्हणून त्यांच्याकडे तोवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

या माणसांनी सांगितलेलं दुखणं चळवळीच्या जाहीरनाम्यात शोभणारं नव्हतं. ते होतं सांडपाण्याच्या निचऱ्याचं. १९७४ मध्ये 'कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस', थोडक्यात 'कॉप्स', ही त्यांची संघटना उभी राहिली. चर्चमधल्या लोकांनी नगरपालिकेची जुनी कागदपत्रं चाळली, तेव्हा निचऱ्याची कामं कैक वर्षांपूर्वीच मंजूर होऊन पडून राहिलेली सापडली. ऑगस्टमध्ये शेकडो लोक नगरसभेत जाऊन उभे राहिले. महापौरांनी अधिकाऱ्यांना विचारलं, हे खरं आहे का? खरं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहराच्या मतदारांनी निचऱ्याच्या कामांसाठी साडेचार कोटी डॉलरहून मोठ्या रकमेचे रोखे मंजूर केले.

पुढच्या वर्षी तर त्यांनी कमालच केली. शहरातले बडे व्यावसायिक दाद देईनात, तेव्हा शेकडो बायका-पुरुष एका बड्या बँकेत रांग लावून उभे राहिले. नोटा देऊन चिल्लर घ्यायची, पुन्हा रांगेत लागायचं आणि चिल्लर देऊन नोटा घ्यायच्या. बेकायदा काहीच नाही. गिऱ्हाईक म्हणून जे करता येतं तेच, फक्त सगळ्यांनी एका दिवशी. एका मोठ्या कापडदुकानात जाऊन त्यांनी दिवसभर कपडे घालून पाहिले आणि घेतलं काहीच नाही. गाव करी ते राव न करी, याचा इतका मिस्कील पुरावा मी दुसरा वाचलेला नाही. दोनशे माणसं वेळेवर आणायची, त्यांना न भांडता रांगेत उभं ठेवायचं आणि संध्याकाळी सगळी घरी पोचल्याची खात्री करायची, हे ज्यांनी वर्षानुवर्षं जत्रेत केलंय त्यांनाच ते जमणार.

अशा संघटना बांधणाऱ्यांच्या परंपरेत एक 'लोखंडी नियम' सांगतात : माणूस स्वतःसाठी जे करू शकतो ते त्याच्यासाठी कधीही करू नका. वाचताना मला आमचा चाळीस जणांचा रविवार आठवला. आम्ही वस्तीसाठी ओढा साफ केला होता, वस्तीला न विचारता. वस्तीनं गॅलरीतून पाहिलं. पाहणार नाही तर काय?

पण एवढ्यावर माझा मूळ प्रश्न सुटत नव्हता. वही, पाळी, विश्वासाची माणसं, हे क्रिकेटच्या क्लबातही असू शकतं. मग यात श्रद्धेचं काय? मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो की काहीच नाही, देव हे निमित्त आहे, खरी गोष्ट आहे ती दर आठवड्याला भेटणं. नास्तिकाला हे उत्तर सोयीचं पडतं.

त्यात पहिली फट पाडली वॉरेन काउंटीनं. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात काही जणांनी पीसीबी नावाच्या विषारी रसायनानं दूषित झालेलं तेल रात्रीअपरात्री रस्त्यांच्या कडेला दोनशेहून अधिक मैल ओतत नेलं. ती विषारी माती खरवडून कुठेतरी पुरायची होती. सरकारनं जागा निवडली वॉरेन काउंटीतल्या ॲफ्टन गावाजवळची. वस्ती गरीब आणि बहुतांशी काळ्या लोकांची, पिण्याचं पाणी विहिरींचं. लोक कोर्टात गेले आणि हरले. सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक यायला लागले, तसे लोक कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमत, प्रार्थना करत, गाणी म्हणत निघत आणि ट्रकपुढे रस्त्यावर आडवे होत. सहा आठवडे. पाचशेहून जास्त जणांना अटक झाली.

आणि माती तिथेच पुरली गेली.

मी ज्या ज्या गटांत काम केलंय त्यांतला कुठलाही गट अशा हरण्यानंतर फुटला असता. आमच्याकडे तर बॅनरवर नाव कुणाचं वर यावं यावरून फूट पडलीय. वॉरेनची माणसं मात्र पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकांवर येऊन बसली, कारण ती मुळात जिंकण्यासाठी जमलेली नव्हती. हरलेल्या, मेलेल्या, सोडून गेलेल्या माणसांचं ओझं दर आठवड्याला मध्ये ठेवायचं आणि त्याभोवती एका सुरात गायचं, याची सवय त्यांना पिढ्यान्पिढ्या होती. हा सराव क्लबात होत नाही. क्लबात हरल्यावर संघ बदलतात.

त्या पराभवातून जे निघालं ते लांबचं होतं. १९८३ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयानं अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या आठ राज्यांत पाहणी केली. घातक कचरा पुरण्याच्या तिथल्या चार मोठ्या जागांपैकी तीन जागा काळ्या लोकांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत निघाल्या. १९८७ मध्ये 'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट' या चर्चसंघटनेच्या वांशिक न्याय आयोगानं हाच प्रश्न देशभर लावून पाहिला आणि अहवाल काढला. कचरा कुठे जातो हे ठरवणारी सगळ्यांत ठळक गोष्ट त्यात वंश हीच निघाली. 'पर्यावरणीय न्याय' हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द रूढ झाला त्यामागे हा अहवाल आहे आणि तो एका चर्चनं काढलेला आहे, हे मला पन्नाशी जवळ येईपर्यंत माहीत नव्हतं. ॲफ्टनची माती निर्विष व्हायला मात्र वीस वर्षांहून जास्त काळ गेला.

इतका धीर धरायचा तर काळाची मोजपट्टीच वेगळी लागते. निवडणूक पाच वर्षांनी मोजते, प्रकल्पाचा निधी तीन वर्षांनी, आमचा बॅनर अठरा दिवसांनी.

थायलंडमधलं उदाहरण सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं : झाडाच्या बुंध्याला गुंडाळलेलं भगवं वस्त्र. भिक्खूला देतात तशी दीक्षा झाडाला, म्हणजे ते तोडायला हात धजावणार नाही. मीही ते 'किती सुंदर' म्हणून पुढे पाठवलेलं आहे. पण या प्रथेचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं त्या नान प्रांतातल्या फ्राखरू पितक या भिक्खूंचं काम वाचलं तर वस्त्र अगदी शेवटी येतं. त्याआधी गावकऱ्यांशी बोलणी, शेतीचे पर्याय, सामूहिक जंगलाची हद्द कुणी आखायची आणि राखण कुणी करायची याचे नियम. सरकारनं १९८९ मध्येच व्यापारी जंगलतोडीवर बंदी घातली होती, पण कागदावरची बंदी रात्री जंगलात उभी राहत नाही. शिवाय बौद्ध तत्त्वात झाडाला दीक्षा देता येत नाहीच. ते भिक्खूंनाही ठाऊक होतं आणि गावालाही. सगळ्यांनी मिळून जाणूनबुजून केलेली ती कृती होती आणि म्हणून ती टिकली. हा बारकावा फोटोत येत नाही.

इथिओपियाच्या उत्तरेकडची गोष्ट त्याहून साधी आहे. उजाड शेतांच्या मधोमध हिरवे ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये एक जुनं चर्च. झाडं ही चर्चची वस्त्रं, अशी समजूत असल्यामुळे तेवढं जंगल राहिलं. पण गुरं आत शिरून रोपं खात होती. अलेमायेहू वासी या तिथल्याच परिस्थितीकी-अभ्यासकानं आपल्या एका अमेरिकन सहकारी संशोधिकेसह पुरोहितांना जमवून उपग्रहातून घेतलेली चित्रं दाखवली. आपला ठिपका केवढासा उरलाय हे त्यांनी वरून पाहिलं. तोडगा गावांतूनच आला : दगडी कुंपण. शेतातले दगड वेचून भिंत रचायची, म्हणजे जंगल वाचतं आणि शेतही मोकळं होतं. इथे मला माझ्या स्लाइड आठवल्या आणि थोडं बरं वाटलं. चित्रं दाखवणं वाईट नसतं. फक्त दाखवून झाल्यावर गप्प बसता आलं पाहिजे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा माणूस देवळाच्या पायरीवर बसला तो बसलाच. तसं नाही. मला बोचणारी गोष्ट आता सांगतो.

ज्या शिकागोत कोर्तेस शिकून आला तिथली ही गोष्ट. १९३९ मध्ये सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन या दोन संघटकांनी कत्तलखान्यांच्या मागच्या वस्तीत 'बॅक ऑफ द यार्ड्स' परिषद उभी केली. पोलिश, लिथुआनियन, स्लोवाक, आयरिश, प्रत्येकाचं चर्च वेगळं आणि एकमेकांशी बोलणं जेमतेम. ती चर्च आणि कामगार संघटना पहिल्यांदा एका टेबलाशी आली. पुढच्या साऱ्या प्रकाराची ही गंगोत्री. आणि याच परिषदेनं पुढच्या दोन दशकांत आपली सगळी एकजूट काळ्या कुटुंबांना वस्तीत येऊ न देण्यासाठी वापरली. वही तीच, पाळी तीच, विश्वासाची माणसं तीच. अलिन्स्कीला ते पाहावं लागलं, आणि त्याचं त्याला दुःख होतं.

म्हणजे हे हत्यार दोन्ही बाजूंनी चालतं. जी माणसं एका रात्रीत दोनशे जण गोळा करून तुंबलेलं चेंबर दुरुस्त करून घेतात, तीच एका रात्रीत दोनशे जण गोळा करून कुणालातरी वस्तीबाहेर घालवू शकतात. आपलं माणूस कोण हे ज्या ओढीनं ठरतं, त्याच ओढीनं परकं कोण हेही ठरतं. यावर उपाय काय, ते मला सापडलेलं नाही. लंडनच्या पूर्व भागात १९९६ मध्ये 'टेल्को' ही संघटना निघाली ती चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांना सुरुवातीपासून एकत्र बसवून. सफाई कामगारांना जगता येईल एवढी मजुरी मिळावी ही मोहीम त्यांनी २००१ मध्ये सुरू केली, ती आज ब्रिटनभर पसरलेली आहे. कदाचित पहिल्या दिवसापासून टेबलाशी दुसऱ्याची खुर्ची ठेवणं एवढंच हातात असतं. नंतर खुर्ची मागवायची म्हटलं की जागा नसते.

आमच्याकडे खुर्ची नंतर मागवली गेली.

ओढ्याचं काम पुढे सरकलं होतं. चार वेगवेगळ्या तक्रारींची एक तक्रार झाली, तिच्याखाली सगळ्या घरांच्या सह्या झाल्या आणि चेंबर दुरुस्त झालं. कचरागाडीची संध्याकाळची एक फेरी सुरू झाली, आठवड्यातून दोनदा, सगळे दिवस नाही. मजुरांच्या संडासाचं भिजत घोंगडं अजून तसंच आहे. पण वरच्या अंगाला, जिथून ओढा येतो, तिथे दुसऱ्या धर्माची वस्ती आहे. त्यांच्याशिवाय पुढे जाणं अशक्य होतं. माई आणि आणखी दोघी तिकडे गेल्या, घरांघरांत बसून आल्या आणि पुढच्या बैठकीला तिकडचे सात जण आले. सतरंजीवर बसले. बैठक बरी झाली.

त्यानंतरच्या आठवड्यात प्रार्थनास्थळाच्या समितीनं ठराव केला, की ही जागा केवळ प्रार्थनेसाठी आहे, इथे इतर बैठका होणार नाहीत. ठरावात कुणाचं नाव नव्हतं. अशा ठरावांत नाव कधीच नसतं. मी चिडलो. मी समितीला लिहायचं पत्र मनात तीनदा तयार केलं, त्यात उपहास चांगला जमला होता. माईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मला माझ्या स्लाइडच्या वेळची शांतता आठवली.

"समितीत माझा दीर आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी मी बोलेन. वर्ष लागेल. तोवर बसायचं कुठे ते बघ."

बसायला एका इमारतीचं पार्किंग मिळालं. उघडी फरशी, एका कोपऱ्यात स्कूटरी. ठरलेल्या शनिवारी मी थोडा आधी पोचलो. माईंचा निरोप होता म्हणून प्रार्थनास्थळाच्या मागच्या दाराशी गेलो. वरच्या वस्तीतला एक मुलगाही आला होता, बैठकीला आलेल्या सातांपैकीच एक. दार आतून उघडलं. किल्ली माईंकडे असते, गेली कित्येक वर्षं. झाडलोट त्यांच्याकडे आहे, त्यामुळे ती काढून घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी एकेक गुंडाळी उंबऱ्यावर आणून ठेवली. आम्ही दोघांनी एकेका टोकाला धरून ती खांद्यावर घेतली.

"आठ आहेत," माई म्हणाल्या. "मोजून न्या, मोजून आणा. आणि झटकून."